काऊचं घर शेणाचं ते कालिया कावळा: जनावरांचं वैर पोरांनी वाचावं का?

वाचनपेटी (यवतमाळ जिल्हा)

मागच्या पालकसभेत एका बापानं वाचनपेटीतला टिंकल या मुलांच्या चित्रकथांच्या नियतकालिकाचा जुना अंक माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "सर, हे कोल्ह्या-कावळ्याचं भांडण पोरायनं कायले वाचावं? बोधकथा द्या ना." तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आठ दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून इथं लिहितो.

टिंकल सुरू झालं नोव्हेंबर १९८० मध्ये, मुंबईत. संपादक अनंत पै, म्हणजे १९६७ पासून अमर चित्रकथा काढणारेच. पहिल्या काही वर्षांतच त्यात कालिया कावळा आला. चित्रं प्रदीप साठे यांची. चमाटका कोल्हा बेत रचतो, डूबडूब मगर त्याच्या नादी लागते, कीचू-मीचू ससे हे ठरलेलं सावज. कालिया झाडावरून सगळं बघतो आणि डाव उधळतो. गोष्ट एवढीच, दर वेळी नव्यानं.

या मालिकेचा पणजोबा पंचतंत्र आहे, आणि तिथलं वैर सोपं नाही. काकोलूकीयात, म्हणजे कावळे-घुबडांच्या भागात, कावळ्यांचा म्हातारा मंत्री मार खाल्ल्याचं सोंग करून घुबडांच्या आश्रयाला जातो. घरट्यासाठी म्हणून त्यांच्या गुहेच्या तोंडाशी काटक्या साठवत राहतो. मग एका दिवसाउजेडी, घुबडांना दिसत नसताना, कावळे ती गुहा पेटवून देतात. वैर संपतं, कारण एक बाजूच शिल्लक राहत नाही.

कालियात तसं होत नाही. पुढच्या अंकात चमाटका लागतोच, म्हणून त्याला मारता येत नाही. ही नियतकालिकाची गरज होती हे मला मान्य. पण तिच्यातून जे निघालं ते आमच्या गावाच्या फार जवळचं आहे. इथं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण तीन-तीन पिढ्या चालतं आणि तरी दोन्ही घरं एकाच विहिरीवर पाणी भरतात. वैरी उद्याही शेजारीच राहणार, हे धरून कसं जगायचं ते पोरांना कोण सांगतं? बोधकथा तर दुष्टाला शिक्षा झाली की संपते.

आणखी एक. चौथीतला एक पोरगा वाचताना अजून अडखळतो. पण कोल्हा डोळे बारीक करतो त्या चौकटीवर बोट ठेवून तो म्हणतो, "आता हा फसवते, पाहा." पान उलटायच्या आधी त्याला बेत कळलेला असतो. हे वाचन नाही तर काय?

डांगरवाडी (ब्रह्मपुरीकडचा)

सर, मी त्या बापाच्या बाजूनं आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

माझे बाबा वैनगंगेच्या रेतीत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, करत. उन्हाळाभर आम्ही तिथंच खोपडीत झोपायचो. कोल्हा यायचा. पिकलेलं डांगर वासावरून बरोबर हुडकायचा, कच्च्याला तोंड लावायचा नाही. सकाळी अर्धं खाल्लेलं डांगर दिसलं की बाबा म्हणत, हा त्याचा वाटा. कारण वेलाखालचे उंदीर तोच खायचा, काठावरचे खेकडेही तोच.

आता तुमचा चमाटका. चाळीस वर्षं तो लबाड. त्याला लेकरं नाहीत, बीळ नाही, उपाशी रात्र नाही. गेल्या साली आमच्या शिवारात रानडुकरासाठी कुंपणात सोडलेल्या करंटला चिकटून एक कोल्हा मेला. बघायला जमलेल्या पोरांपैकी एक म्हणाला, "बरं झालं, लबाड होता." त्या पोरानं आयुष्यात कोल्हा पाहिला नव्हता. मेलेला पाहिला तो पहिला. हे त्याला कोणी शिकवलं?

आणि कोणी मरत नाही म्हणता, तसं कोणी बदलतही नाही. वैर जपून ठेवायचं, दर अंकाला उकरायचं. धुऱ्याच्या भांडणात नेमकं हेच होते ना?

मोर्शीची माय

मास्तर, मी तं तुमच्याकडूनच बोलीन. माह्या लेकराले झोपवताना मी काय सांगतो? काऊचं घर शेनाचं, चिऊचं घर मेनाचं. पाऊस येते, काऊचं घर वाहून जाते. थो बिचारा भिजत भिजत येते, दार वाजवते, अन् चिऊ म्हन्ते थांब, माह्या बायाले न्हाऊ घालतो. थांब, माह्या बायाले काजय लावतो. लहानपनी मले त्या कावयाचं लय वाईट वाटे. मी आजीले म्हनो, उघड नं दार!

हे गोठ आजकालची नाई. आमच्या गावापासून रिद्धपूर जवळच हाय. तेराव्या शतकात म्हाइंभटानं तिथं लीळाचरित्र सिद्ध केलं, त्यातबी काउळ्याचं घर शेनाचं अन् साळै पाखराचं मेनाचं हेच हाय. म्हन्जे सातशे वर्सं झाले, कावया दाराबाहेरच उभा.

मंग कोनीतरी थ्याच कावयाले झाडावर बसवलं, सशायचा राखनदार केलं. हे मले आवडते. ज्याले शेनाचं घर देलं त्याले अक्कल देली. तुमी डांगरवाडीवाले भाऊ कोल्ह्यासाठी रडता, बराबर हाय. पन कावयासाठी कोन रडलं होतं?

वाचनपेटी

ताई, साळैची गोष्ट मला माहीत होती, पण कालियाशी मी ती कधी जोडली नव्हती.

भाऊ, कोल्ह्याबद्दल तुमचं खरं आहे. मी वर बोधकथेला नावं ठेवली, पण चमाटकाला जन्मभर लबाड ठरवून ठेवणं हीसुद्धा एक बोधकथाच झाली. करंटचं वाचून मी थांबलो.

तरी अंक पेटीतून काढणार नाही. काल वर्गात पोरांना सांगितलं, कालियाची गोष्ट कोल्ह्याकडून काढा. सहा चौकटी. बहुतेकांनी कोल्ह्याला जिंकवलं, ससे खाऊन झोपला, संपलं. एका पोरीचा कागद मात्र घरी घेऊन आलोय. पहिल्या चौकटीत बीळ आहे आणि तीन पिल्लं. दुसरीत कोल्हा निघतो. तिसरीत कावळा ओरडतो, ससे पळतात. चौथीत कोल्हा रिकामा परत येतो. पाचवीत पिल्लं त्याच्या तोंडाकडे बघतात. सहावी चौकट तिनं कोरी ठेवली. विचारलं तर म्हणाली, "सर, मले समजलं नाई का काय करायचं."

डांगरवाडी

ते चित्र मला पाठवा.

माझं मत बदललं नाही. पण अंक ठेवणारच असाल तर पेटीत खऱ्या कोल्ह्यावरचंही एक पुस्तक ठेवा, तो काय खातो, पिल्लं कुठं घालतो ते सांगणारं. नाही मिळालं तर मार्चमध्ये पोरांना घेऊन नदीवर या. आता वाडी भाऊ करतो. सकाळी लवकर आलात तर रेतीत पावलं दिसतील, अन् अर्धं खाल्लेलं डांगरही.