पॉवर स्टीअरिंगचा आवाज : पंप बदलण्याआधी काय काय बघता?

चक्रधर
आज सोसायटीच्या गेटातून एक जुनी बोलेरो 'घूंऽऽ' करत वळली आणि हायड्रॉलिक (पंपाच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) स्टीअरिंगचे दिवस आठवले. म्हणून हा धागा. असा आवाज आला की पहिलं निदान ठरलेलं, 'पंप गेला'. बहुतेक वेळा पंप धडधाकट असतो, त्याला तेल पुरत नसतं.

इंजिन बंद करून स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. काही झाकणांच्या पट्टीवर गरम आणि थंड अशा दोन वेगळ्या खुणा असतात, थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरू नका. मग तेलाकडे बघा. फेस किंवा दुधी रंग म्हणजे हवा शिरली. काळं आणि जळका वास म्हणजे तेलाचं आयुष्य संपलेलं. पातळी कमी असेल तर नुसतं भरून झाकण लावू नका. ही बंद सिस्टीम आहे, तेल कुठून तरी बाहेर गेलेलं असणारच.

पाना_बारा
+१. गळती शोधायच्या तीन जागा: पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील, प्रेशर पाइपचा दाबलेला जोड, आणि रॅकचे (स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याचे) रबरी बूट, म्हणजे टोकांवरची रबरी आवरणं. बूट हाताने दाबून बघा. आत तेल चुळबुळलं तर रॅकचं सील गेलंय, बाहेर थेंबही दिसत नाही. इंजिन चालू असताना प्रेशर पाइपवर हात फिरवायचा नाही. बारीक चिरेतून निघालेली धार कातडी फोडून आत जाते.

कऱ्हाडकर
चीं चीं आवाजाचं कोणीच लिहिलं नाही! सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा पावसात, फुल्ल लॉक मारताना (स्टीअरिंग टोकापर्यंत वळवताना) किंचाळी येते तो पंप फिरवणारा बेल्ट. फिरत्या बेल्टच्या खाचांवर लांबून थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर गेला तर पुल्या (बेल्ट ज्यांवर फिरतो ती चाकं) एका रेषेत नाहीत, उलट वाढला तर ताण कमी आहे. हाताने ताण द्यायचा बेल्ट असेल तर दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण 10 मिमी दबावा. फार कसला तर पंपाचं बेअरिंग जातं. बाह्या आणि ओढणी आवरून.

मीनल_ठाणे
आमच्या वॅगनआरला तेलाची टाकीच सापडत नाहीये. कुठे असते?

चक्रधर
मीनलताई, नसतेच. त्यात इलेक्ट्रिक स्टीअरिंग आहे, पंप नाही, तेल नाही. आवाज डॅशबोर्डखालून की बोनेटखालून?

तेलपाणी
हवेचं राहिलं. तेल पूर्ण भरलंय, थेंब गळत नाही, तरी घूं घूं आणि फेस. तेव्हा टाकीतून पंपाकडे जाणारा जाड पाइप बघा. तिथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे क्लिप सैल किंवा ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) कडक झाली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ओ-रिंग काही रुपयांची, आणि तिच्यापायी चांगले पंप भंगारात जातात, जीव हळहळतो. दुसरं, टाकीच्या तळाची जाळी. गाळाने तुंबली की पंप उपाशी राहतो. बऱ्याच टाक्यांत जाळी निघत नाही, टाकीच बदलावी लागते.

एअर काढायची तर: मागच्या चाकांना ठोकळे, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर (नुसत्या जॅकवर नाही), इंजिन बंद. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश 15-20 वेळा. मधेमधे पातळी बघून भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन आयडलला ठेवून आणखी 4-5 फेऱ्या. लॉकला नेऊन 5 सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही. तरी फेस राहिला तर तासभर गाडी तशीच सोडा आणि पुन्हा करा. घाईने फिरवलं तर फेस वाढतो. कुकर लावलाय, बाकी नंतर.

घाटवाट
लॉकला 'स्स्स' येतो तो प्रेशर वाल्व्ह उघडल्याचा. तो बिघाड नाही, चिंता नको.

मीनल_ठाणे
डॅशबोर्डखालून. खड्ड्यात खट-खट.

पाना_बारा
मग स्टीअरिंग कॉलमच्या (स्टीअरिंगच्या दांड्याच्या) खालचा जॉइंट, टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा सांधा) आणि रॅकचा बुश. एकाने उभ्या गाडीत स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. ठोका हाताला लागतो. बॅटरीचाही व्होल्टेज बघून घ्या, इंजिन बंद असताना 12.4 च्या खाली नको. बॅटरी कमजोर असली तर स्टीअरिंग जड होतं.

मीनल_ठाणे
धन्यवाद दादा, रविवारी बघतो दोघं मिळून. टायरमध्ये हवा कमी असली तरी जड होतं ना?

पाना_बारा
हो, तेच सगळ्यात आधी तपासा. दाराच्या चौकटीवर आकडा असतो.

तेलपाणी
आले परत. तेल कुठलं ते महत्त्वाचं. जुन्या इनोव्हाला डेक्सरॉन दोन किंवा तीन (लाल तेलाचे प्रकार) चालतं. होंडाच्या हायड्रॉलिक गाड्यांना होंडाचंच. पहिल्या ऑक्टाव्हियाला हिरवं, त्यात लाल टाकलं तर सील खराब होऊ शकतात. पूर्ण बदलायला 1 लिटरची बाटली धरा. सोपी रीत: मोठ्या सिरिंजला नळी लावून टाकीतलं तेल ओढा, नवं भरा, दोन-तीन दिवस गाडी चालवा. असं तीन-चार वेळा. काढलेलं गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

कऱ्हाडकर
आणि एवढं सगळं करूनही घरघर राहिली तर बेल्ट काढून पंपाची पुली हाताने फिरवा. खरखर लागली, पुली वरखाली हलली, की मग पंप. नवा बसवण्याआधी तेलाचे पाइप धुवा, नाहीतर जुन्याचा धातूचा चुरा नव्याला खातो. पंपात थोडं तेल घालून हाताने फिरवून मगच बसवा. कोरडा सुरू केला तर पहिल्या मिनिटातच झिजतो.