पाणी आलं, तरी काठ हवाच

उपसा थांबवून पाणी परत आणलं की दलदलीतले कोळी आपोआप वाढतील, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. इंग्लंडमधल्या रेडग्रेव्ह-लोफमच्या दलदलीत 1956 साली फेन राफ्ट स्पायडर हा पाण्याकाठी राहून पाण्यावर शिकार करणारा कोळी सापडला. पुढे पाणीपुरवठ्याच्या बोअरने ती दलदल सुकत गेली. 1999 मध्ये बोअर बंद झाली, पाणी वर आलं, तरी कोळी बरीच वर्षं मोजक्या डबक्यांतच अडकून राहिला. शेवटी पिल्लं टेस्टट्यूबमध्ये एकेक वेगळी ठेवून, फळमाश्या खाऊ घालून वाढवली आणि 2010 पासून दुसऱ्या पाणथळ जागी सोडली.

मादी अंड्यांची पिशवी तोंडात धरून फिरते, ती सुकू नये म्हणून अधूनमधून पाण्यात बुडवते. पिल्लांना ठेवायचं जाळं मात्र ती पाण्यावरच्या ताठ पात्यांतच विणते. आमच्या सांगलीकडे तळं साफ करायचं म्हणजे लव्हाळं, पाणकणीस मुळासकट उपटायचं! पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी जरा वाकून बघा, मागचे पाय पानावर आणि पुढचे पाण्यावर टेकवून, तरंगांचा कानोसा घेत बसलेले याच कुळातले कोळी आपल्याकडेही आहेत. गाळ काढा, पण निदान एका बाजूचा काठ तरी तसाच राहू द्या.