मदत हवी आहे: आईच्या युरिन कल्चरमध्ये तीन जंतू, इंजेक्शनं सुरू करायची का?

मंडळी, जरा घाईत विचारतोय. आम्ही यावल तालुक्यातले. आई ६८ वर्षांची, शुगर आहे. लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं. रिपोर्टात लिहिलंय, 'तीन प्रकारच्या जंतूंची मिश्र वाढ, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा पाठवा.' साध्या तपासणीत पस सेल्स (पू-पेशी) २-४, एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी) मात्र भरपूर. डॉक्टर म्हणतात, जंतू निघालेत ना, मग पाच दिवस इंजेक्शनं घेऊन टाका. आईला ना ताप, ना जळजळ. ती आपली म्हणते, "माले काय व्हयेल शे?"

एक शंका आहे. नमुना सकाळी ७ला घेतला, पहिल्याच धारेचा, घरच्या धुतलेल्या बाटलीत. केळीची गाडी भरून मग जळगावला निघालो, लॅबला पोचायला १२ वाजले. बाटली मोटारसायकलच्या डिक्कीत आणि ऊन मे महिन्याचं. त्यानेच घोळ झाला असेल का?

उत्तर

भाऊ, मी लॅबमध्ये कल्चरच लावतो. अर्धं उत्तर तुमच्या डिक्कीत आहे. ऊब मिळाली की ई. कोलायसारखा जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, पाच तासांत शेकड्याचे लाख सहज. नमुना दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, तोही २४ तासांच्या आतच.

दुसरं, एपिथेलियल सेल्स भरपूर म्हणजे बाहेरच्या त्वचेचं धुवण त्यात आलंय. खऱ्या इन्फेक्शनमध्ये बहुधा एकच जंतू वाढतो, मिलीला १ लाख किंवा जास्त, आणि पस सेल्सही वाढतात, आईच्या तर २-४च आहेत. (त्रास होत असेल तर हजारालाही किंमत असते, म्हणून नुसता आकडा बघून चालत नाही. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेल्यांचं गणित आणखी वेगळं.)

लॅबमधून निर्जंतुक डबी आणा. जागा साध्या पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धरायची. आणि पुन्हा जंतू निघाले तरी, शुगर असली तरी, काहीच त्रास नसेल तर सहसा औषध देत नाहीत. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर गोष्ट निराळी. हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा, 'लॅब पुन्हा पाठवा म्हणतेय, थांबलं तर चालेल का?'

धागाकर्ता

विचारलं. डॉक्टर आधी जरा चिडले, मग रिपोर्टची खालची ओळ वाचून 'पुन्हा करा' म्हणाले. पण मधे ताप आला तर?

उत्तर

थंडी वाजून ताप, उलट्या, कुशीत दुखणं, यातलं काहीही झालं तर कल्चरची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फक्त पहिल्या डोसआधी नमुना द्यायला विसरू नका. आणि या वेळी डबी बर्फाच्या पिशवीत, केळीची गाडी नंतर.