वनौषधींचा कोर्स घरबसल्या करायचा आहे, बडोद्यात राहून कुठला घ्यावा?

रावपुरा_नवशिकी

नोकरी सांभाळून वनौषधी शिकायच्या आहेत. शिक्षण बी.कॉम., बारावीला सायन्स नव्हतं. आठवड्याला आठ-नऊ तास निघतात. तीन कोर्स समोर आहेत.

पहिला एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा ‘आयुर्वेद डिप्लोमा’. सगळं हिंदीत, परीक्षा ऑनलाइन. पास झाल्यावर नावामागे ‘वैद्य’ लावून पेशंट बघता येतील, असं फोनवर सांगतात.

दुसरा अमेरिकेतल्या एका शाळेचा. एक वर्ष, ३०० तास, व्हिडिओ आणि घरी करायची प्रात्यक्षिकं. फी पहिल्याच्या चौपट.

तिसरा पुण्याकडच्या एका संस्थेचं मराठी प्रमाणपत्र. चार महिने, दर महिन्याला एक शिवारफेरी. फेरीला दर वेळी जाणं जमणार नाही.

पुढे चहाची मिश्रणं, तेलं, मलम करून विकायचा विचार आहे आणि ओळखीच्यांना सल्लाही द्यायचा आहे. कुठला घेऊ?

---

कलम_वाचक

ताई, पहिला आजच बाद करा. फी कमी आहे म्हणूनही नको.

आयुर्वेदाने रुग्ण तपासायचे तर बीएएमएस लागतं. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप, प्रवेश नीट परीक्षेतून, आणि मग राज्याच्या परिषदेत किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव. ही पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही. यूजीसीच्या २०२० च्या दूरशिक्षण नियमांत वैद्यकीय आणि फार्मसीचे अभ्यासक्रम वगळलेलेच आहेत. ‘सरकारमान्य संस्था’ या शब्दांवरही जाऊ नका. सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदणी कुणाचीही होते, तिचा वैद्यकीच्या हक्काशी काही संबंध नसतो.

‘वैद्य विशारद’, ‘आयुर्वेद रत्न’ ही नावं कानावर आली तर तीही ऐकून सोडून द्या. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या त्या पदव्या १९३१ ते १९६७ याच काळातल्या मान्य आहेत. नंतरच्या पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० मध्ये तिथेही त्या टिकल्या नाहीत.

क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची एक ऐच्छिक प्रमाणन योजना आहे, पण तिच्यातलं प्रमाणपत्र वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पारंपरिक वैदूंचं ज्ञान तपासून देतात. नव्याने शिकणाऱ्याची ती वाट नव्हे.

दुसऱ्या कोर्सबद्दल. अमेरिकेत हर्बलिस्टचा परवाना कुठल्याच राज्यात नाही. तिथलं ‘रजिस्टर्ड हर्बलिस्ट’ हे अमेरिकन हर्बलिस्ट्स गिल्ड या खाजगी संघटनेचं सदस्यत्व आहे आणि त्यालाही साधारण ८०० तासांचा अभ्यास व ४०० तासांचं प्रत्यक्ष रुग्णकाम मागतात. ब्रिटनमधल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत देखरेखीखालचं रुग्णकामच ५०० तासांचं असतं. तेव्हा ३०० तासांचा कोर्स तिथल्या मापानेही सुरुवातीचाच. शिकायला चालेल, पाटी लावायला नाही.

आणि ‘ओळखीच्यांना सल्ला’ म्हणजे नक्की काय, ते आधीच ठरवून ठेवा. आल्याच्या चहाने मळमळ कमी होते हे सांगणं ही माहिती झाली. ‘तुमच्या शुगरसाठी अमुक चूर्ण दोन चमचे घ्या’ हे उपचार झाले, मग पैसे घ्या की नका घेऊ.

---

काढा_सोळापट

कायद्याचं वर आलंच आहे. मी कोर्स पारखण्याबद्दल लिहितो.

फी भरण्याआधी तासांचा हिशेब मागा. ३०० तास आठवड्याला आठने भागले तर ३७-३८ आठवडे होतात, म्हणजे गणपती-दिवाळी धरूनही वर्षात बसतं. पण त्या ३०० पैकी व्हिडिओ किती, वाचन किती, हाताने करायचं किती? व्हिडिओ वीसेक तासांचे आणि उरलेलं ‘स्वाध्याय’ असा प्रकार सर्रास असतो. मग विचारा, प्रात्यक्षिक तपासतं कोण? फोटो पाठवला की आपोआप हिरवी खूण येते, की माणूस बघून ‘हे पान या झाडाचं नाही’ असं लिहून पाठवतो? तपासून परत आलेल्या जुन्या वहीची दोन पानं मागा. देत नसतील तर तपासणी होत नाही असं धरा.

अभ्यासक्रमात सुरक्षिततेचा भाग किती, तेही बघा. एक सोपी परीक्षा सांगतो. ज्येष्ठमधाच्या पाठात ‘घशाला चांगलं’ एवढंच असेल तर कोर्स कच्चा. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असलेल्याला ते धोक्याचं, हे तिथे हवं. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यायचं आणि इतर गोळ्यांपासून दोनेक तास लांब ठेवायचं, हे हवं. बिबा, बचनाग, कुचला, धोतरा, गुंज ही औषधं कायद्याच्या विषारी यादीत आहेत, ती घरच्या प्रात्यक्षिकात येताच कामा नयेत. एखादा कोर्स घरी बिबा शुद्ध करायला सांगत असेल तर पुढचं काही वाचू नका.

या मापाने मला दुसरा बरा वाटतो. परदेशी शाळा औषधांच्या आपापसातल्या परिणामांवर सहसा जास्त वेळ देतात.

---

ग्लिसरीन_बरणी

काढा_सोळापट, सुरक्षिततेबद्दल पटलं, पण निकाल पटला नाही. तो कोर्स बडोद्यात बसून अर्धाच होतो.

अशा कोर्सचा कणा म्हणजे टिंक्चर, अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क. वाळलेली वनस्पती एक भाग, ४० ते ६० टक्के अल्कोहोल पाच भाग. ओली असेल तर एकास दोन आणि अल्कोहोल ९५ टक्के. ते म्हणतात व्होडका आणा. गुजरातेत १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, व्होडकाची बाटली प्रात्यक्षिकासाठी म्हणून घरात ठेवता येत नाही. वनस्पतींचं किट टपालाने येणार असेल तर वाळलेला पाला आणि बिया यांना प्लांट क्वारंटाइनचे (बाहेरून कीड-रोग येऊ नये म्हणूनचे) नियम लागतात, पार्सल कस्टममध्ये अडकतं. आणि शिकवतात एल्डरबेरी, यारो, कॉम्फ्री. आपल्या कमाटी बागेत यातलं काय मिळणार? कॅलेंडुला तेवढा थंडीत कुंडीत येतो.

तरी घ्यायचाच असेल तर टिंक्चरऐवजी ग्लिसरीनमधला अर्क चालेल का, हे शाळेला लेखी विचारून घ्या. पद्धत अशी: वाळलेली भरड २० ग्रॅम, द्रव १०० मिली. त्यात ग्लिसरीन निदान ६० टक्के, उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन ५५ च्या खाली गेलं की बरणी आंबते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा बुडबुडे दिसले तर फेकून द्यायचं. ओली पानं वापरायची असतील तर आधी थोडी कोमेजू द्या आणि ग्लिसरीन बिनपाण्याचं घ्या, कारण पानातलंच पाणी पातळ करायला पुरतं. तीन-चार आठवडे रोज हलवायचं, मलमलीतून पिळून गाळायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं. गुग्गुळासारखी राळ ग्लिसरीनमध्ये उतरत नाही, तिथे हट्ट करू नका.

खरं म्हणजे तुम्हाला टिंक्चर लागतंच कुठे? चहा, तेल, मलम करायचं आहे ना? मग आपल्या आयुर्वेदातल्या कल्पना, म्हणजे औषध बनवायच्या पद्धती, शिका. काढ्याला भरड १० ग्रॅम, पाणी १६० मिली, मंद आचेवर उघड्या भांड्यात आटवायचं. शार्ङ्गधर हा जुना ग्रंथकार अष्टमांश सांगतो, म्हणजे २० मिली. हल्लीच्या सूत्रांत बहुतेक चतुर्थांश, म्हणजे ४०. पूड बारीक केली तर पिष्ट (स्टार्च) सुटून खळ होते आणि तळाला लागते, म्हणून भरडच. तुळस, दालचिनी, ओवा असलं सुगंधी काही आटवायचं नाही, उडून जातं. त्याचा फांट करा: एकास चार गरम पाणी ओतून झाकण ठेवायचं.

तेलाला एक भाग कल्क (वनस्पती वाटून केलेला गोळा), चार भाग तीळतेल, सोळा भाग द्रव. झालं कसं ओळखायचं? कल्क बोटांत वळला की वात होते आणि ती जाळल्यावर तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, असं तेल महिन्याभरात खवट होतं. तेल तयार होताना फेस येतो, तूप तयार होताना फेस बसतो, यात नवशिके हमखास उलटं धरतात.

मलमाला १०० मिली तेलात २० ग्रॅम मधमाश्यांचं मेण पुरतं, पण मे महिन्यात बडोद्यात डबी पातळ होते. उन्हाळ्यासाठी २५ धरा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. बरंच आधी वितळलं तर पॅराफिन मिसळलेलं असण्याचा संभव जास्त.

---

रावपुरा_नवशिकी

सगळ्यांचे आभार. पहिला बाद केला. ‘वैद्य लावता येईल’ हे लेखी द्या म्हटल्यावर त्यांनी फोनच ठेवला.

आता तिसऱ्याकडे कल आहे, पण शिवारफेऱ्या बुडणार. वनस्पती ओळखायला इथे बडोद्यात काही सोय होईल का? मांडवीतल्या दुकानातून सुकं सामान आणून ओळखता येईल का?

---

बारो_शीट

सुक्यापासून सुरुवात करू नका. आधी जिवंत झाड, मग त्याचाच सुका भाग, मग बाजारचा माल, हा क्रम ठेवा.

कारण सांगतो. आपल्याकडे रस्तोरस्ती उंच सरळ आसोपालव आहे आणि त्यालाच पुष्कळ जण अशोक म्हणतात. औषधातला अशोक वेगळा, नारिंगी-लाल फुलांचा सराका असोका. आसोपालव म्हणजे पॉलिअल्थिया. पहिल्याच्या सालीत दुसऱ्याची भेसळ ही जुनी गोष्ट. तुकडे सुकल्यावर नुसत्या नजरेने सांगणं अवघड, सूक्ष्मदर्शक किंवा टीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. पण झाडं शेजारी शेजारी उभी असली तर मूलसुद्धा चुकणार नाही. पुनर्नवा घ्या. खऱ्या पुनर्नव्याची बारीक गुलाबी फुलं लांब देठाच्या तुऱ्यावर येतात आणि फळ बोटाला चिकटतं. तिच्या नावाने ट्रायन्थेमा येतो, त्याची पानं मांसल आणि फूल पानाच्या बगलेत बसलेलं. दोन्ही पावसाळ्यात पडीक जागी उगवतात. शंखपुष्पी आणि ब्राह्मी या नावांखाली तर दोन-दोन, तीन-तीन वनस्पती विकल्या जातात.

म्हणून दुकानात (आपल्याकडे ओसडवाल्याला, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याला, गांधीच म्हणतात) नुसतं नाव सांगून माल घेऊ नका. आयुर्वेदिक फार्माकोपियाचे (औषधांच्या प्रमाणकांच्या सरकारी ग्रंथाचे) खंड मोफत पीडीएफमध्ये मिळतात. त्यातलं त्या वनस्पतीचं पान उघडून दहापट भिंग घेऊन बसा: रंग, तुटल्यावरची कड, वास, चव. अश्वगंधाचं मूळ कट्कन तुटायला हवं, आत पिठूळ पांढरं. बाहेरचा कचरा दोन टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे १०० ग्रॅममधून वेचून काढलेला कचरा दोन ग्रॅमच्या आत.

शिवारफेरीच्या बदल्यात वीस वनस्पतींची शीट (दाबून सुकवून कागदावर लावलेले नमुने) करा आणि संस्था त्या गुण म्हणून धरते का ते विचारा. अडुळसा (बाजारात अरडूसी), निर्गुडी (नगोड), गुळवेल (गळो), आघाडा (अंघेडो), घेटुळी (म्हणजे पुनर्नवा), शतावरी, कडुलिंब इथपासून. फूल किंवा फळ असलेली फांदीच घ्या, नुसत्या पानांवरून कुणी ओळख पटवून देणार नाही. वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचं, एक पान उलटं ठेवायचं म्हणजे पाठ दिसते. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. आळस केला की काळं पडतं किंवा बुरशी येते. कागद २९ बाय ४२ सेंटिमीटर. लेबलावर शास्त्रीय नाव, कुळ, मराठी आणि गुजराती नाव, जागा, तारीख, फुलाचा रंग. सुकल्यावर रंग उडतो, म्हणून तो तिथल्या तिथे लिहायचा. किडीसाठी जुन्या पुस्तकांत मर्क्युरिक क्लोराइड सांगतात, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

पडताळणीसाठी सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाचं हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे, ‘बारो’ या संकेताने ते जगाच्या यादीत आहे. आधी पत्र किंवा ईमेल करून वेळ मागा, शीट पूर्ण करून न्या, फोनमधले फोटो दाखवू नका. शेतातली औषधी पिकं बघायची असतील तर बोरिआवीला औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय आहे, आणंद आणि नडियादच्या मध्ये. तिथलं प्रशिक्षण कधी आहे ते आधी विचारून जा.

---

काढा_सोळापट

ग्लिसरीन_बरणी, दारूबंदीचं माझ्या ध्यानात नव्हतं आलं, मत बदलतो. तिसराच घ्या. औषधांच्या आपापसातल्या परिणामांचा भाग मात्र त्यात कमी पडेल, तो स्वयम् या सरकारी पोर्टलवर फार्माकोलॉजीचा (औषधशास्त्राचा) एखादा मोफत कोर्स लागला की भरून काढा. बारावीला सायन्स नसल्याने पहिले दोन-तीन आठवडे पेशी आणि अवयवसंस्थांवर घालवावे लागतील.

---

कलम_वाचक

विक्रीचं राहिलं होतं. चहाचं मिश्रण खाद्य म्हणून विकायचं तर लहान धंद्याला एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी पुरते, पण डब्यावर रोगाचं नाव टाकायचं नाही. मलम सौंदर्यप्रसाधन म्हणून करायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली उत्पादनाचा परवाना लागतो. त्याच डबीवर ‘सांधेदुखीवर’ असं लिहिलंत की ते आयुर्वेदिक औषध झालं. मग २५-डी नमुन्यातला परवाना, शेड्यूल टी या नियमांप्रमाणे जागा आणि पात्र तांत्रिक माणूस, सगळं आलं. तेवढं भांडवल नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या नावाने माल करून घेता येतो, त्याला लोन लायसन्स म्हणतात, नमुना २५-ई. आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला वेगळा परवाना लागत नाही, यावरून बनवायलाही लागत नसेल असं पुष्कळांना वाटतं. रुग्णांसाठी स्वतः औषध करण्याची सूट वैद्य-हकिमांना आहे, ती तुम्हाला लागू नाही.

जाहिरातीला १९५४ चा कायदा आहे. ज्यांवरच्या इलाजाची जाहिरात करायची नाही अशा मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व असल्या रोगांची यादीच त्यात दिली आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही जाहिरातीत धरला जाऊ शकतो.