प्रतिसाद: हिमनग कापसाच्या ढिगासारखा दिसतोय

ताई, तुमच्या पेन्सिल स्केचमधला हिमनग कापसाच्या ढिगासारखा दिसतोय असं तुम्हीच लिहिलंय, पण आकार चांगला आलाय बघा, घोळ फक्त शेडिंगचा आहे. तुम्ही बर्फ काढायला गेलाय, म्हणून सगळीकडं पेन्सिल फिरलीय. बर्फ काढायचाच नाही, तो कागदाचा पांढरा तसाच सोडायचा आणि मागचं आकाश, पाणी, सावल्या एवढंच भरायचं. पाणी ४बी किंवा ६बी या मऊ, काळ्याभोर पेन्सिलीनं चांगलं गडद करा, मग बघा हिमनग कसा उठून दिसतो ते. तिकडं ध्रुवाकडं सूर्य फार वर येतच नाही त्यामुळं सावल्या लांबलचक पडतात, त्या २एच या कडक, फिकट पेन्सिलीनं हलक्या हातानं.

मी बेळगावात फिश मार्केटातल्या बर्फाच्या लादीवर सराव केला, खरंच करून बघा. लादीच्या मधे दुधाळ पट्टा असतो तो अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा, आणि कडेला काचेसारखा स्वच्छ बर्फ, तिथून मागचं काळं पोतं दिसतं म्हणून तो भाग गडद येतो. हिमनदीच्या जुन्या बर्फातली हवा दाबानं पिळून निघालेली असते म्हणून तो निळा दिसतो, पेन्सिलीत तिथं एकसारखा मधला टोन द्यायचा, बोटानं पुसायचं मात्र नाही, कडा मऊ पडल्या की झाला परत कापूस.

आणि रंग नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतला डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन अंटार्क्टिकात बाहेर पेन्सिलीनंच स्केच करायचा कारण थंडीत जलरंग गोठतात, रंगांची नावं बाजूला लिहून ठेवायचा आणि झोपडीत आल्यावर रंगवायचा. पुढचं स्केच टाका नक्की, वाट बघतोय.