मदत हवी आहे: सरकारी पोर्टलच्या टेस्टिंगसाठी नागरिकांचा खरा डेटा घ्यावा का?

बाणेरकर: पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे एका सरकारी विभागाच्या दाखले पोर्टलचं काम पोटठेक्याने आलंय. मुख्य ठेकेदार यूएटीसाठी (वापरकर्त्यांच्या अंतिम चाचणीसाठी) प्रॉडक्शनचा, म्हणजे चालू पोर्टलच्या खऱ्या डेटाबेसचा, अख्खा डंप (पूर्ण प्रत) पाठवतोय: नावं, मोबाइल, आधार, रेशनकार्डांचे स्कॅन. 'साहेबांची तोंडी परवानगी आहे' म्हणतात. नाही म्हटलं तर बिल अडकेल. जबाबदारी कोणाची? मास्किंग (खरी माहिती झाकून बनावट घालणं) कसं करायचं?

फायरवॉल: डंप उतरवून घेऊ नका. तोंडी परवानगी चौकशीत कोणालाच आठवत नाही. ठेकेदाराला आजच मेल करा: मास्क केलेलाच डेटा घेऊ, अन्यथा विभागाचा लेखी आदेश द्या. निविदेतली पोटठेक्याची अटही वाचा. बहुधा लेखी पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर विभागाच्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये काम बाहेर दिलं तरी मूळ जबाबदारी विभागाचीच राहते. पण म्हणून तुम्ही सुटत नाही. आयटी कायद्याचं कलम ४३अ कंपन्यांनाच लागू आहे: संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई तुमच्याकडून. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार गळती लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं आणि लॉग (सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. 'ठेकेदार कळवेल' म्हणून थांबू नका.

एसक्यूएलवाले: मास्किंगबद्दल. एका माणसाला सगळ्या टेबलांत तोच बनावट क्रमांक मिळाला पाहिजे, नाहीतर जॉइन (टेबलांमधले दुवे) तुटतात आणि टेस्टिंग फुकट जातं. आधारचा शेवटचा अंक व्हेरहॉफ चेकसमचा (क्रमांक बरोबर आहे का हे तपासणारा) असतो. तो जुळवून कसाही क्रमांक बनवलात तर तो कोणाचा तरी खरा निघू शकतो. खरा आधार ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून बनावट क्रमांक तसेच सुरू करा आणि टेस्टपुरतं व्हॅलिडेशन (क्रमांकाची तपासणी) सैल ठेवा.

लोक हमखास विसरतात तो 'शेरा' रकाना. कारकून तिथेच मोबाइल नंबर टाकून ठेवतात. तो सरळ रिकामा करा. स्कॅन काढून कोऱ्या पीडीएफ ठेवा. एसएमएस गेटवेची (मेसेज पाठवणाऱ्या सेवेची) की टेस्टमध्ये बदला. नाहीतर 'तुमचा दाखला मंजूर' असा मेसेज खऱ्या अर्जदाराला जातो आणि तो बिचारा रजा टाकून सेतू केंद्रावर पोचतो.

बाणेरकर: ठेकेदार म्हणतो, त्यांच्याकडे मास्किंगची सोयच नाही. डंप इकडे घेऊन आम्हीच करू का?

एसक्यूएलवाले: नको, मग अर्थच उरला नाही. मास्किंगची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) तुम्ही लिहा. आधी हाताने बनवलेल्या ५० नोंदींवर चालवून दाखवा. खऱ्या डेटावर ती विभागाचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) त्यांच्याच सर्व्हरवर, मूळ डेटाबेसच्या प्रतीवर चालवेल. बाहेर फक्त मास्क झालेली फाइल येईल, आणि ती कोणी, कधी दिली याची सहीनिशी नोंद ठेवा.

फायरवॉल: आणि डंपची लिंक आधीच कोणाच्या मेलवर आली असेल तर गुपचूप डिलीट करू नका. उघडली का, कोणी उघडली हे लेखी कळवा, ठेकेदाराला लिंक बंद करायला सांगा आणि बंद झाल्याचं उत्तर जपून ठेवा.