ब्रेक पाइप बदलून घरीच हवा काढणं : "दहा मिनिटांचं काम" म्हणणाऱ्यांना उत्तर

कुंभार्लीकर
काल इथे एकाने लिहिलं : "मागचा ब्रेक पाइप घरीच बदलला. हवा काढायला दहा मिनिटं लागली. गॅरेजला पैसे कशाला घालवायचे?" खाली सगळे वाहवा करतायत. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी चिपळूणचा. २०२१ च्या पुरात आमची मारुती ८०० स्टिअरिंगपर्यंत चिखलात होती. इंजिन सुरू झालं, गाद्या वाळल्या, पण दोन वर्षांनी मागचा ब्रेक पाइप चिमटीत धरला तर गंजाचे पापुद्रे हातात आले. पाइप मीच बदलला. पाइप उघडला की ब्रेकच्या तेलात हवा शिरते, ती काढताना भाचा पेडलवर, मी चाकाशी. निपल (चाकाजवळचा, हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) सोडतोय हे सांगायला मी "सोड" म्हणालो आणि त्याने पायच सोडला. पारदर्शक नळीतलं तेल सुर्रकन उलटं आत गेलं, पाठोपाठ हवाही. असं चार वेळा झालं तेव्हा कारण कळलं. आता आमच्यात "दाब" आणि "धर" एवढेच शब्द. निपल आवळला की "झालं", मगच पाय वर.

पण खरी चूक वेगळीच होती. पेडल दर वेळी पार तळापर्यंत दाबत होतो. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलावर दाब देणाऱ्या नळकांड्यात, रबरी कप रोज जेवढा फिरतो त्याच्या पुढचा भाग गंजलेला, खरखरीत असतो. तिथवर कप नेला की फाटतो. अंगणात पेडल मस्त कडक लागलं. आठवड्याने वडिलांना घेऊन कराडहून परत येताना कुंभार्ली घाटात ब्रेक धरून ठेवला, तर पेडल पायाखाली हळूहळू बसायला लागलं. दुसरा गिअर आणि हँडब्रेक, एवढ्यावर गाडी कडेला घेतली. वडील एक शब्द बोलले नाहीत. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असता तर हे टळलं असतं. तुमच्या दहा मिनिटांत हा ठोकळा कुठेच नाही.

दहा_नंबरचा_पाना
ती पोस्ट माझी. दहा मिनिटं फक्त हवा काढायला, पाइप टाकायला अख्खी सकाळ गेली, हेही लिहिलं होतं. तुम्ही सोयीचं तेवढंच उचललंत.

आणि गॅरेजचं सांगू? पूर्वी पुढचे कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बाहेर बदलून घेतले होते. पेडल लुसलुशीत म्हणून तीनदा परत नेली, तिन्ही वेळा हवा काढली, तिन्ही वेळा पैसे घेतले. शेवटी मीच चाक खोललं तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे! निपल खालच्या बाजूला. हवा वरच्या टोकाला बसलेली, ती खालच्या निपलमधून जन्मात निघणार नाही. त्या दिवसापासून ब्रेकला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. चूक झाली तर माझी, निदान ती मला माहीत असेल.

वरंधा_उतार
कुंभार्लीकर, घाटात दुसरा गिअर टाकावा लागला, म्हणजे आधी कुठल्या गिअरमध्ये होतात? न्यूट्रल मारून उतरत होतात ना?

कुंभार्लीकर
तिसऱ्यात होतो. न्यूट्रल कधीच नाही. विषय ब्रेकच्या हवेचा आहे.

जुना_ड्रायव्हर
न्यूट्रलला एवढं घाबरायचं काय? मी पस्तीस वर्षं वरंधा, आंबा, फोंडा न्यूट्रलमध्ये उतरलोय. पेट्रोल वाचतं. हात आणि नजर पाहिजे.

वरंधा_उतार
काका, आदर राखून सांगतो, हे वाचून एखादा पोरगा जीव गमावेल. कार्बोरेटरच्या गाडीत थोडं वाचत असेल. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट पेट्रोल लागतं. आणि सगळा भार ब्रेकवर. तापलेल्या ब्रेकमधलं जुनं तेल उकळलं की पाइपमध्ये वाफ, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल थेट खाली.

जुना_ड्रायव्हर
मला शिकवू नका. तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून स्टिअरिंग हातात आहे.

वरंधा_उतार
माझा चुलतभाऊ असाच उतरत होता. इंजिनही बंद. पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमध्ये मग दोन-तीनदा ब्रेक मारण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगडासारखं. कठड्याने वाचला. दोन्ही पाय मोडले. वयाचा मान वेगळा आणि हे वेगळं.

जुना_ड्रायव्हर
इंजिन मी कधी बंद केलं नाही. ते चुकीचंच. इंजेक्शनचं मात्र माहीत नव्हतं. माझी गाडी जुनी होती.

डॉट_चार
अहो, मूळ मुद्द्यावर या. डॉट ३ प्रतीचं ब्रेक तेल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा मुरला की १४०. डॉट ४ चं २३० आणि १५५. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे कपाटातली वर्षभर उघडी बाटली वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांत मिसळायचं नाही. आणि पत्र्यावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलून निघतो.

एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर घरच्या पद्धतीला मर्यादा आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्याच नव्या मोटारींना ते आलं. ब्रेक तेलाची डबी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघडझाप करावे लागतात. पंप मारून निघत नाही.

दहा_नंबरचा_पाना
माझ्या गाडीला एबीएस नाही. पण पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, मान्य.

गॅरेजवाला_रत्नागिरी
माझ्याकडे दर सोमवारी अशा अर्धवट गाड्या टोचन करून येतात. साध्या पान्याने नट गोल केलेले. एकाने तर एसीचा तांब्याचा पाइप बसवला होता! तांबं थरथरीने कडक होऊन तडकतं, ब्रेकला चालत नाही. पाइपचं तोंड दुहेरी दुमडलेलं लागतं. ते यंत्र नसेल तर तयार पाइपच घ्या.

दुसरं, सगळे हवेच्या मागे लागतात. पेडल खोल जातं, पण दोनदा मारलं की वर येऊन कडक होतं, तर आधी मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) बघा, सैल असतात. वर येऊनही लुसलुशीत, तर हवा. इंजिन बंद ठेवून मिनिटभर दाबून धरल्यावर हळूहळू बसतं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलेंडर. ही तिसरी तपासणी कुंभार्लीकरांनी अंगणात केली असती तर घाटात वेळ आली नसती.

कुंभार्लीकर
केली नाही, खरं आहे. वडील शेजारी बसले होते हे अजून डोक्यातून जात नाही, म्हणून एवढं लिहिलं. घरी करू नका असं माझं म्हणणं नाही, मी आजही करतो. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो. आधी काळ्या चहासारखं तेल येतं, मग मोहरीएवढे बुडबुडे, मग मधाच्या रंगाचं स्वच्छ. ते दिसल्यावरही मी डबी भरून पुन्हा एक फेरी करतो.

दहा_नंबरचा_पाना
पोस्टमध्ये ठोकळा, एबीएस आणि मिनिटभर दाबून धरायचं वाढवलंय. "दहा मिनिटं" मात्र काढणार नाही. घड्याळ लावून मोजलं होतं.

कुंभार्लीकर
राहू द्या. गॅरेजवाले दादा, माझा मागचा उजवा निपल हलत नाहीये. काय करू?

गॅरेजवाला_रत्नागिरी
आज रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी सहा कोनांचा बॉक्स पाना घ्या, निपलच्या बाजूच्या बीडावर हलके ठोके द्या, आधी किंचित आवळा, मग सोडा. चर्र वाजलं तर थांबा. तुटला तर चाकातला व्हील सिलेंडरच नवा टाका. जुन्यात ड्रिल घालत बसू नका.